खिळा

कोरेगावच्या शाखेत पंख्याखाली बसून
अर्ज भरायला घेतला
आणि दुसऱ्याच रकान्याशी हे अडले.
कायमचा पत्ता.
चोवीस वर्षं यांनी लिहिलं होतं
मार्फत छप्पन्न एपीओ.
पाकिटावरून कळायचं नाही
वाळू आहे की बर्फ.
मी म्हटलं, कोरा ठेवा,
पत्त्यासाठीच तर आलोय.

भटिंडा, मग सुरतगड, मग बबिना,
जबलपूरला दोन उन्हाळे पत्र्याखाली.
क्वार्टरमध्ये शिरताना एक वही यायची :
नळ तीन, बल्ब पाच, काच एक तडकलेली.
सोडताना तीच वही.
भिंतीतल्या भोकाचे पैसे कापायचे,
म्हणून निघायच्या आदल्या रात्री
मी बोटानं टूथपेस्ट भरत जायची.
कॅलेंडरचं भोक, आरशाचं,
सासूबाईंच्या फोटोचं.
सकाळी खोलीला
दात घासल्यासारखा वास यायचा.
धाकटा एकदा म्हणाला,
आई, आपण इथं राहिलोच नाही का?

साताऱ्याला सैनिक कल्याणच्या हापिसात
दाखल्यासाठी तीन खेपा झाल्या.
व्याजातलं काही सरकार भरतं म्हणे,
पण एका कागदावर जालिंदर, दुसऱ्यावर जालंदर,
आणि सरकारला दोघं वेगळे वाटतात.
बाकावर ल्हासुर्ण्याच्या अनुसयाबाई होत्या,
मांडीवर माझ्याहून जाड फाईल.
गावानं यांच्या नावाची कमान बांधली, म्हणाल्या,
रंग पण चांगला दिलाय.
कमानीखाली झोपता येत नाही ना.
आणि चहा अर्धा माझ्या बशीत ओतला.

मॅनेजर पोरगेलासा, लातूरकडचा.
विम्याचं पान काढून चाचरला :
म्हणजे मॅडम, समजा, साहेबांचं काही...
बरंवाईट, मी म्हटलं.
हां, तर कर्ज फिटतं. घर तुमचं.
आम्ही दोघंही हसलो, तसा तो बावरला.
बाबा रे, असला कागद
यांनी लग्नाच्या चौथ्या दिवशी भरलाय.
जवळचं नातेवाईक : वैजयंता.
तेव्हा माझ्या नावानं
यांच्याजवळ फक्त यांचं मरण होतं.

एकशेऐंशी हप्ते.
हे बोटांवर मोजतात,
रजेचे दिवस मोजायचे तसे.

रहिमतपूर रस्त्याला दीड गुंठा.
हे इंजिनिअर पलटणीतले,
रात्री नदीवर पूल टाकायचे
आणि उजाडायच्या आत उचलायचे.
स्वतःच्या पायाला उभे राहिले
ते खणतच सुटले, खाली, अजून खाली.
गवंडी म्हणाला, फडतरे,
घर बांधताय का मोर्चा?
हे काही बोलले नाहीत.
खड्ड्यातून फक्त डोकं दिसत होतं
आणि त्याच्यामागं जरंडेश्वर.

प्लास्टर झालं त्याच संध्याकाळी
मी हातोडी मागितली.
ओलं आहे वहिनी, गवंडी ओरडला,
अजून पंधरा दिवस पाणी मारायचंय.
मी ठोकला.
वाकडा गेला, भोवती टवका उडाला
मुठीएवढा.
उपसायला गेले तर हे म्हणाले, राहू दे,
शेजारी दुसरा ठोक.

दोन्ही आहेत तिथं.
काहीच टांगलेलं नाही अजून.
हप्ता पाच तारखेला जातो.