नाक, नाका

बार्शीहून आलो तेव्हा वेणू तेरा महिन्यांची
आणि तिच्यापाशी शब्द एकच : भू.
कुत्रं भू, ट्रक भू, पेटलेली शेगडी भू,
थिवीच्या कारखान्यातून मी परतलो
की माझ्या बुटांकडे बघून,
जरा विचार करून, भू.

हळदोण्यात पहाटे सायकलवर पोदेर येतो.
त्याचा भोंगा दोनदा वाजतो.
चौथ्या दिवशी ती भिंत धरून उभी राहिली
आणि म्हणाली, पों.
मग पाव पों, पोदेर पों,
टोपलीवरचं निळं प्लास्टिक पों,
संध्याकाळी फाटकाशी जे कोणी येईल ते पों.
मी तेवढा भूच राहिलो.

दीड वर्षाची झाल्यावर आरोग्य केंद्रात
एक फॉर्म आला : मूल किती शब्द बोलते?
सुवर्णा म्हणाली नऊ, मी म्हणालो सात.
पों एकदा धरायचा की चारदा
यावरून रांगेतच आमची जुंपली.
नर्सबाईंनी आठ लिहिलं
आणि पुढच्या बाळाला हाक मारली.

सुवर्णा म्हापशाला काजूच्या दुकानात
हिशेब लिहायला लागली, तेव्हापासून
वेणूच्या दुपारी शेजारच्या कोंसेसांव मावशीकडे.
एका रात्री खिमटाची वाटी ढकलून
वेणू स्पष्ट म्हणाली, नाका.

आम्ही हरखलो. नाक!
हे बघ बाबाचं नाक, हे आईचं,
आणि हे चिमणं कुणाचं गं?
नाका, ती म्हणाली.
हो हो, नाक. मी तिच्या नाकाला नाक घासलं.
नाका नाका नाका, ती रडायला लागली.
बार्शीला फोन लावून आईला ऐकवलं.
आई म्हणाली, हुशार हाय, पण रडतीया का?

तीन आठवडे हे असं.
मग एका रविवारी कुंपणापलीकडे
बांगड्यांचं पोट साफ करता करता
मावशी हसत सुटली, सुरी तशीच हातात :
अरे, नाका म्हणटा तें! जेवण नाका ताका!

तीन आठवडे आमची लेक नको म्हणत होती
आणि आम्ही तिला तिचंच नाक दाखवत होतो.
मला दहावीला मराठीत त्र्याऐंशी होते.

पुढं फोनवरच ती म्हणाली, उदक जाय.
पलीकडे आई गप्प. बार्शीत उदक सोडतात,
पिंडापाशी ठेवतात, मागून पीत नाहीत.
असलं अभद्र कोण शिकवतंय पोरीला?
पोरगी तोवर पेला रिकामा करून
ओल्या तोंडानं फोनला चिकटलेली.
मी सांगितलं, तहान लागली होती, आई.
एवढंच.

आता ती तीनची.
आता काही नियम तिचे तिनेच केलेत.
बस, बसला. हस, हसला.
मग जा, जाला.
हे मी शिकवलं नाही, मावशीनेही नाही.
मी अंगणात उकरून बघितल्यासारखं
खूप मागं जाऊन आठवलं :
आमच्या घरात हे कुणी बोललेलं नाही.
कावळा जाला. वीज जाली.
सकाळी मी डबा घेऊन निघालो की,
बाबा जाला.

गेला म्हणावं, वेणू, सुवर्णा सांगते.
ती समजूतदारपणे मान हलवते :
हं. गेला जाला.

कुंपणापलीकडे मावशीचा झाडू थांबतो.
तिच्याकडे जाला म्हणजे झाला.
बाबा जाला? कितें जाला गो?
ती खरंच विचारते, थट्टा नाही.

वेणू विचारात पडते.
माझ्या बुटांकडे बघते.
फाटकाची कडी हातात धरून मीही थांबतो,
सात चाळीसची बस चुकली तरी.