सिल्व्हर मॉलमध्ये वऱ्हाड

चार हजार लग्नपत्रिका जुळवल्या मी,
रामबागेतल्या, लोकमान्य नगरातल्या,
देवासच्या, धारच्या, एक तर न्यू जर्सीची,
सगळ्या या एकाच लॅपटॉपवर,
ज्याचा पंखा आता
ताटलीखाली वाळू आल्यासारखा करकरतो.

ओजस म्हणाला, मावशी, नवा घे.
पण हे वर्षच अधलंमधलं.
जुन्या जातीचे प्रोसेसर संपत आलेत,
नव्या जातीचे आलेत, अजून रुळले नाहीत,
आणि माझा फॉन्टचा प्रोग्रॅम अठ्ठ्याण्णव सालचा.
तो करणारा माणूस दुकान बंद करून कुठे गेला
कुणाला ठाऊक नाही. फोन लागत नाही.

विक्की माखीजाने दोन्ही काउंटरवर मांडले.
एक जाडजूड, एक पोळीएवढा.
"मॅडम, ये नया वाला, बॅटरी पूरा दिन.
गरम ही नहीं होता. पंखा ही नहीं है इसमें."
पंखाच नाही?
मग रात्री दीड वाजता, सगळं घर झोपलेलं असताना,
काम चालू आहे हे मला कळणार कशावरून?

"और पुराना सॉफ्टवेअर?"
"चलेगा. अंदर एक दुभाषिया बैठा है.
पुराने की सुनता है, नये को समझाता है.
थोड़ा टाइम लेता है, बस."

मला हसूच आलं.
जन्मभर आणखी काय केलं मी?
मनात मराठीत हिशेब, ओठांवर हिंदी,
आणि पुण्याची वहिनी म्हणते,
तुमचं मराठी जरा उशिरा पोचतं हो.

पर्समधून पेन ड्राइव्ह काढला.
त्यात एकच फाईल, परीक्षेची:
वऱ्हाड. सोयऱ्याधायऱ्यांसह. दुसऱ्या दिवशी. कुऱ्हाड.
(कुऱ्हाड पत्रिकेत लागत नाही,
पण तिच्यातून निभावलं तो कशातूनही निभावतो.)

पोळीने अकरा सेकंद घेतले. मी मोजले.
वर्हाड.
"आ गया ना, मॅडम!"
नाही आलं.
"वही तो लिखा है."
तेच तर नाही लिहिलं.
र डोक्यावर चढून बसलाय.
त्याने ओळीतच, ह च्या आधी,
पापणी मिटल्यासारखं बसायचं असतं.

बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं.
विक्कीने चष्मा कपाळावर सरकवला,
कागद जवळ धरला, लांब धरला.
"हमारी सिंधी में भी हैं ऐसे अक्षर," तो म्हणाला.
"पापा लिखते थे. मैं पढ़ नहीं पाता."
मग गिऱ्हाईक आलं, चार्जर मागायला.
तो उठला. कागद काउंटरवरच राहिला.

जाडजूडवर फाईल उघडली
आणि वऱ्हाड आलं,
सोयरेधायरे घेऊन, वेळेवर, सगळे आपापल्या जागी.
पाठोपाठ पंखा सुरू झाला.
"आखरी पीस है. कंपनी अब ये नहीं भेजेगी."
किती वर्षं चालेल?
"पाँच तो आराम से. आगे का आगे."

घेतला.
ओजस दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी आला आणि न विचारता
त्याच मशीनवर नवा टंक घालून दिला,
जो म्हणे कुठल्याही जातीच्या प्रोसेसरवर चालतो,
यापुढे येतील त्यांच्यावरसुद्धा.
त्यात पापणी नीट मिटते. मी दोनदा तपासलं.

तेव्हापासून रोज रात्री
एक जुनी पत्रिका नव्या टंकात उतरवते.
काल निरखीवाल्यांची, दोन हजार तीन सालची,
ज्यांचं पुढे मोडलं.
त्यांचीही उतरवायचीच. तारीख, मुहूर्त, गोरज,
"आपले आगमन हाच आहेर" हेसुद्धा.

मग हिशेब केला.
रोज एक, म्हणजे अकरा वर्षं.
लॅपटॉपला पाच.
मला किती, ते विक्कीला विचारलं नव्हतं.

रोज तीन कराव्या लागतील.
दीड वाजलाय. पंखा चालू आहे.