कावळा न शिवलेले दिवस

सदुसष्टावा दिवस.
रात्रभर भिजलेली मेथी
ओट्यावर वाटीत फुगून बसलीय,
माझ्यापेक्षा वक्तशीर.

आई व्हिडिओवर मान तिरकी करून विचारते,
"शिवला का गं?"
तिच्या बोलण्यात अजून तोच कावळा,
मिरजेच्या कौलांवरून
पोस्टमनसारखा महिन्याला येणारा.
मी फोन खिडकीकडे वळवते.
को-ऑपच्या पार्किंगमध्ये सहा आहेत,
धष्टपुष्ट, चिप्सची पाकिटं फाडणारे.
एकालाही माझ्यात रस नाही.

सोनोग्राफीवाली म्हणाली होती,
"मोत्यांची माळ दिसतेय, लव्ह."
मला दिसलं आमच्या स्विंडनचं ते चक्र:
मध्ये एक, भोवती पाच लहान,
आणि मधल्यात गाड्या उलट्या फिरतात.
पहिल्या वर्षी तिथे रडले होते,
इंडिकेटर चालू, मागे हॉर्न,
बाहेर कुठून पडायचं कळेना.
आता पडते. कशी, विचारू नका.

पुदिन्याचा चहा दोन वेळा, हनुवटीसाठी.
दालचिनी कशासाठी ते विसरले, पण घालते.
पोळीच्या जागी नाचणीची भाकरी,
जी माझ्या हातून नेहमी नकाशा होते.
रोज संध्याकाळी चाळीस मिनिटं चालणं,
जुन्या रेल्वे कारखान्याच्या भिंतीकडेने,
पाऊस असला तरी, म्हणजे रोजच पावसात.
आणि कुंदावहिनींनी ब्रिस्टलहून पाठवलेली पूड,
डब्यावर नाव नाही,
फक्त "एक चमचा, श्रद्धेने".
डॉक्टर वॉटकिन्सनी हुंगून विचारलं,
"आत काय आहे?"
वहिनींनाही माहीत नव्हतं.
मी ती दारातल्या हायड्रेंजियाला घातली.
तो अजून जिवंत आहे, एवढंच सांगू शकते.

हरजिंदर दातात दोरा धरून
माझ्या हनुवटीवर वाकते तेव्हा
बोलता येत नाही तिला, तरी बोलते:
"इथे येणाऱ्या सगळ्या
वाटतं एकट्याच आहेत."
डोळ्यात पाणी येतं.
दोऱ्याचं असतं ते. बहुतेक.

त्र्याहत्तराव्या दिवशी,
चक्राच्या तिसऱ्या वळणावर,
कमरेत ओळखीची कळ आली.
गाडी को-ऑपसमोर लावून
नुसती बसून राहिले.

आईला लगेच सांगितलं नाही.
सांगितलं की मेथी म्हणेल मी,
पुदिना म्हणेल मी,
वहिनी तर डबाच पाठवतील नवा.
थोडा वेळ ही कळ
कुणाचीच नको होती मला.

समोर एक कावळा
ओली चिप चोचीत धरून उभा.
त्याने माझ्याकडे पाहिलं
आणि बाजूला सरकला,
जणू जागा करून देत होता.