आटे

एकोणचाळीस की बेचाळीस, हे मी
व्हर्नियर न लावता सांगायला हवं होतं.
एकतीस वर्षं माझगावच्या गोदीत
आटेच तर पाडले,
पितळेला, गनमेटलला, एकदा
फोरमनच्या आईच्या समईला.
पण हे भिंग हातात आलं आणि बोट चुकलं.

पद्माकरने ते ओडेसाहून आणलेलं,
लोकरी मोज्यात घालून, बिस्किटाच्या डब्यात.
कॅमेरा पुढच्या फेरीला आणतो म्हणाला.
पुढच्या फेरीला टोस्टर आणला.
त्याच्या पुढच्या फेरीला नुसताच आला.
मग कंपनी बुडाली,
आणि सावकाश, सात-आठ वर्षं लावून, तो.

बोरा बाजारात लग्नपत्रिकांच्या दुकानावरून
लाकडी जिना चढलं की हकीमुद्दीनचं टेबल.
भिंगाच्या पाठीमागून त्याने टॉर्च मारला.
आत कोपऱ्यात पांढरी जाळी.
"मुंबईत काचेलाही सर्दी होते," म्हणाला,
"ही अजून छातीत उतरली नाही."

तीन बॉड्या काढल्या.
पहिलीचा पडदा उजेडाला धरला तर
आभाळात चांदण्या, भर दुपारी.
ती त्यानेच खाली ठेवली.
दुसरी झेनिट, एकोणचाळीसच्या आट्याची.
तिसरी जपानी, बेचाळीसची, मीटर मेलेला,
तिच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या
आता कुणी बनवत नाही.

झेनिटवर भिंग चढवलं.
लोण्यात सुरी, असं लिहिणार होतो,
पण वंगण जुनं, फेरे जड.
तरी शेवटी खांद्याला खांदा टेकला,
आणि कामगाराला होतो तसा आनंद मला झाला.

खिडकीशी गेलो. आडव्या आठावर रिंग नेली.
जीपीओचा घुमट
पातेल्यात ढवळलेल्या पिठल्यासारखा.
रिंग इकडे, रिंग तिकडे, पिठलंच.
स्पष्ट काय, तर खिडकीचा गज,
त्याच्या रंगाचे पोपडे,
एका वितीवर असलेला माझा अंगठा.

"बैठता है," हकीमुद्दीन म्हणाला,
"पर देखता नहीं."

भिंग दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्याचं,
ज्याच्या पोटात आरसा नसतो,
फिल्म पाठीला लागूनच असते.
इथे आरशाने तिला
सोळा मिलिमीटर मागे ढकललेलं.
गोदीत आम्ही आटा तेवढा बघायचो.
मागे जागा किती उरली
ते ड्रॉइंगवाल्यांचं काम.

रिंग टाकून? म्हटलं.
रिंगने अंतर वाढतं.
मग बॉडी घासून? लेथ आहे ओळखीचं.
तो इतका हसला की चहा सांडला.
"आरसा कुठे ठेवाल, खिशात?"

ज्या कॅमेऱ्यासाठी ते केलं होतं
तो त्याच्याकडे नव्हता. दिवाळीनंतर बघू, म्हणाला.
त्याचं दिवाळीनंतर
मला पद्माकरच्या पुढच्या फेरीसारखं वाटलं.

घेतली ती जपानी.
तिच्यावर अठ्ठावन्नचं रशियन भिंग, बेचाळीसचंच,
पाती कोरडी, काच स्वच्छ.
रशियन का, ते त्याने विचारलं नाही.
साडेसहा सांगितले, साडेपाचला पटलं.
मीटरशिवाय कसं, तर
स्वच्छ उन्हात सोळा, ढग आले तर आठ,
पुढचं आपला अनुभव.
घुमट पुन्हा पाहिला. कबुतरं मोजता आली.

घरी आलो. डब्याचा पत्रा कुरतडलेला,
त्याची बारीक कुसळ बोटात गेली.
चष्म्याने दिसेना.
मोज्यातून पद्माकरचं भिंग काढलं,
उलटं करून डोळ्याला लावलं,
बोट जवळ आणत गेलो, आणखी जवळ,
आणि एकदम
बोटाच्या रेषा, नांगरलेल्या,
मधोमध लोखंडाचा एक चकचकीत ओंडका.

चिमटा कुठेय गं, मी ओरडलो.