भागाकार

सुपरमार्केटच्या सातव्या रांगेत
चष्मा कपाळावर ढकलून मी उभा,
वेष्टनाच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं
नाकाला लावून वाचत.

एकेचाळीस वर्षं काढली लिमरिकच्या सिमेंट कारखान्यात,
वजनकाट्यावर.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
मधली वजाबाकी म्हणजे माल.
बाकी नुसतं लोखंड.

इथंही तेच.
साध्या कागदातला बार : एकोणनव्वद सेंट, प्रथिनं बारा ग्रॅम.
ग्रॅमला सात सेंट आणि वर चिमूटभर.
दंड फुगवलेल्या माणसाचा : वीस ग्रॅम, ग्रॅमला नऊ.
चार युरोत तीन, पंधरा-पंधराचे : तेही जवळजवळ नऊच,
सवलतीचा नुसता डांगोरा.
आणि तो खजूर-संत्र्याचा, सुतळी बांधलेला,
दोन पंच्याण्णव, आत जेमतेम दहा ग्रॅम!
चोर लेकाचे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
दिवसाला साठ ग्रॅम पोटात जाऊ द्या, कशानेही.
डिम्पनाला त्या औषधांपासून
सगळंच जिभेवर नाणं ठेवल्यासारखं लागतं.
मी साध्या कागदातले डझनभर आणले.
दहा युरो अडुसष्ट.
"छान आहे रे," ती म्हणायची.

परवा मोजे शोधताना
तिच्या खणात सापडले अकरा,
प्रत्येकाला एकेक चावा,
आणि कागद पुन्हा नीट दुमडलेला.
मला वाईट वाटू नये म्हणून.

मी काही बोललो नाही.
संध्याकाळी शेजारची अट्रॅक्टा
तो सुतळीवाला घेऊन आली.
डिम्पनाने अर्धा खाल्ला.
रात्री दोनला मला हलवून विचारलं,
"उरलेला कुठं ठेवलास?"

पावतीच्या मागे मी पुन्हा मांडलं.
सुतळीवाला : अर्ध्यात पाच ग्रॅम,
ग्रॅमला एकोणसाठ सेंट. लाज वाटावी असा भाव.
साधा कागद : दहा अडुसष्ट, भागिले
पोटात गेलेलं. म्हणजे
चिमणीचा घास धरला तरी...
शून्याने भागायचं नसतं,
ब्रदर कोलमन चौथीत खडू आपटून सांगायचे.
का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

आज सहा घेतले, सुतळीचे.
काउंटरवरची पोरगी म्हणाली,
"आजोबा, पलीकडे याहून स्वस्त आहेत."
माहीत आहे, म्हटलं.

बसथांब्यावर खिशातून खणातला एक काढला,
तिच्या दातांच्या खुणेपासून पुढे सुरुवात केली.
अजून दहा आहेत. वाया कशाला घालवायचे?
सिमेंटची चव
मला नवी नाही.