चाळीस हजारांवर

यंदा लीगनं नियम काढला:
अख्ख्या संघाचा पगार नऊ लाखांच्या वर जाता कामा नये,
गेला तर गुण कापणार.
मी बावीस वर्षं कोषागारात आहे,
मर्यादा मला कोणी समजावायला नको.
दोन रुपयांच्या फरकापायी
मी लोकांची बिलं परत पाठवलेली आहेत.

तरी त्या रात्री विजेच्या बिलाच्या पाठीवर
बेझनबाग युनियनचे अठरा जण मांडले
आणि भात करपला.

नंबर नऊ, कोलकात्याचा: अडीच लाख.
अडीच! तेवढ्यात आपले इथले पाच पोट्टे येतात.
पण गेल्या वर्षी पाच पोट्ट्यांनी मिळून
चार गोल केले, हेही खरं.
तौफिक, गुडघा शिवलेला, करार दोन वर्षांचा,
खेळो न खेळो, सत्तर.
हा करार ज्यानं केला
त्याला एकदा माझ्या टेबलासमोर उभा करा.
प्रशील गजभिये, लेफ्ट बॅक.
कामठीवाले नव्वद देतो म्हणतात,
म्हणजे आपण पंच्याऐंशी तरी,
उरलेले पाच प्रेमाचे.

बेरीज आली नऊ लाख चाळीस.

मेल्विन फ्रान्सिस, गोलकीपर, वय सदतीस:
चाळीस.

पहिल्या फटक्यात जुळलेला हिशोब
पुन्हा तपासावा, असं आमच्यात म्हणतात.
मी तपासला. तीनदा.
जुळतच राहिला.

सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर रामटेके सर,
क्लबचे सेक्रेटरी, खिशातली यादी तर्रीनं लाल.
"काय करू मॅडम, चाळीस हजारावर अडलं न घोडं."
मी बोलायला नको होतं.
बोलले.
"मेल्विनले कसं काढाव जी? तेरा सीझन खेळला तो."
मी म्हटलं, सर, तेरा सीझनला रकाना नसतो.
दुसरा कीपर आहेच की यादीत, पंधरा हजारांत.
त्यांनी प्लेट ठेवली, लिंबू तसंच राहिलं.

नोव्हेंबर. पहिली मॅच. ऊन पाठीला बरं वाटेल असं.
माझी जागा ठरलेली, तिसरी पायरी, खांबाला टेकून.
"मॅडम, सरका न जरा."
मेल्विन. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला.
तेरा वर्षांत त्याचे पाय मी चपलेत पाहिले नव्हते.
खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी त्यानं माझ्यापुढे धरली.
घेतले. नाही म्हणायची छाती झाली नाही.

दहाव्या मिनिटाला नंबर नऊनं गोल मारला,
डावा पाय, असा की जाळीलाच उशिरा कळलं.
सगळे उभे, मीही,
वसूल, वसूल, असं काहीतरी ओरडत.
मेल्विनचं तिकडे लक्षच नव्हतं.
तो आपल्या गोलकडे बघत होता,
जिथे एकोणीस वर्षांचं पोरगं
एकटंच उड्या मारत होतं.
"लाइन सोडून नाचून राहिला येडा."

सत्तरावं मिनिट, त्यांचा कॉर्नर.
बॉल वर गेला, उन्हात दिसेना,
आणि माझ्या कानाशी कोणीतरी ओरडलं:
"कीपर!"

तेरा वर्षांचा आवाज.
या आवाजावर सगळे सोडतात, बॉल कीपरचा.
प्रशीलनं सोडला. उडी अर्ध्यात आवरून
मान खाली घातली, सवयीनं,
आणि मागे त्याच्या भरवशाचं कोणीच नव्हतं.
पोरगं लाइनवर, हात उघडे.

एक-एक.

मैदानात प्रशील गर्रकन वळला,
आधी गोलकडे, मग पायऱ्यांकडे,
एकेक पायरी शोधत.
मेल्विन खाली बसला होता, तोंडावर पंजा,
तोच, जाड बोटांचा,
करंगळी दोनदा मोडलेली.

कोण ओरडलं बे, वरून कोणीतरी विचारलं.
मी म्हटलं, गर्दीत कळते का कधी.
पुडी आमच्या दोघांच्या मध्ये होती,
अर्ध्याहून जास्त भरलेली.
शेवटच्या शिट्टीपर्यंत
तिला कोणी हात लावला नाही.