टिचकी

हिलोच्या दुकानात मेदेरोस म्हणतो,
"पन्नास डॉलरचं? घे. पण खुंट्या सैल,
दर गाण्याला रुसेल."
दोनशेवालं महोगनीचं. त्यावर तो
मडक्यावर मारावी तशी टिचकी मारतो,
नाद उशिरा विझतो.
हजाराचं कोआ काचेआड.
तिकडे लुर्देस बघतच नाही.
हॉटेलच्या चादरी धुऊन बोटं सुरकुतलेली,
पर्समध्ये एकशेवीस.

"बाराव्या पट्टीवर दाब.
तिथे खोटं बोललं नाही, तर मान सरळ."

ती एकेक दाबत जाते.
शेवटी कोपऱ्यातलं, टवका उडालेलं,
कुणीतरी परत आणून टाकलेलं.

"याचं काय बिनसलं?"
"याचं नाही. शिकणाऱ्याचं."

एकशेतीस.
लुर्देस पुन्हा मोजते. तेवढेच.
मेदेरोस टवक्यावरून अंगठा फिरवतो:
"ह्याचे दहा."